बेरीज एक्केचाळीस

१ एप्रिल २०२५, मंगळवार

आले एकदाची! कन्नडहून सकाळची जीप, मांडीवर आबांची हत्यारांची पेटी, शेजारी कांद्याचं पोतं. तारीख ऐकून आबा म्हणाले होते, कुणी एप्रिल फूल तर केलं नाय ना तुला? मी म्हटलं, केलं असलं तर त्यांनाच महागात पडेल.

पण फूल नव्हतं. छावणीतल्या जुन्या मिशन शाळेच्या प्रार्थनागृहात खरोखरच एक पाइप ऑर्गन उभा आहे. नाटकाला साथ करतो तो नव्हे, ती पायपेटी. हा खरा, नळ्यांचा. दोन माणसं उंच, एकशे शहाऐंशी नळ्या, काही कथील-शिशाच्या पांढुरक्या, काही सागवानी चौकोनी. शाळा बंद होऊन आठ वर्षं झाली. ट्रस्टचे सचिव राजेंद्र सर म्हणतात, तीस एप्रिलला शाळेची शंभरी आहे, त्या दिवशी हा वाजलाच पाहिजे. पुण्याची दुरुस्तीवाली माणसं जून म्हणाली होती. मी म्हटलं, मी करते. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या गाडीची किल्ली मागितली.

माझी लायकी काय, तर फिजिक्सची एम.एस्सी. आणि साहेबराव पेटीवाल्यांची पोरगी. कन्नड तालुक्यात भजनी मंडळ असो, कव्वाल असो की आमच्या वस्तीतली भीमगीतांची पार्टी, पेटी रुसली की आबांकडं येते. पेटीचा जीव भात्यात असतो, हे मी बाराखडीच्या आधी शिकले.

देखरेखीला सुरेखा मावशी आहेत. साठीच्या असतील, राहायला आवारातच. ऑर्गनला त्या बाजा म्हणतात. बशीत चहा ओतून दिला आणि म्हणाल्या, लई वर्सांनी बाज्याला माणूस आलं. माझी खोली गारखेड्यात आहे, गच्चीवरची. तव्यासारखी तापते. चालेल.

आबांचा नियम इथंही पाळणार आहे. रोज सकाळी एका श्वासात ‘आ’ लावायचा आणि घड्याळ बघायचं. पेटीवाल्यानं आधी आपला दम बघावा, मग पेटीचा. लहानपणापासून कोरसमध्ये गातेय, माझा दम पक्का आहे. आज एक्केचाळीस सेकंद.

३ एप्रिल, गुरुवार. दम ४१

नळ्या उतरवून पुसायचं काम चाललंय. उंदरांनी एका नळीत शाळेचं अर्धं हजेरीपुस्तक कोंबलेलं सापडलं.

नळी वाजते कशी, असं आज राजेंद्र सरांनी विचारलं आणि मी सांगेपर्यंत त्यांचा चहा थंड झाला. इथंही लिहून ठेवते. नळीला खाली निमुळता पाय असतो, तिथून वारा आत शिरतो. पायाच्या वर एक आडवी फट असते, तिला तोंड म्हणतात. खालचा ओठ, वरचा ओठ, सगळं माणसासारखं. वारा पातळ पात्यासारखा निघतो आणि वरच्या ओठावर आपटतो. जरा आत वळला की आतली हवा दबते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेर गेला की परत आत ओढते. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, आणि किती वेळा होणार ते आतली हवा ठरवते. म्हणजे वारा कुणाचाही असो, सूर नळीचाच. लांब नळी खालचा सूर देते, आखूड नळी वरचा. वरचं टोक डट्ट्यानं बंद केलं तर तीच नळी एक सप्तक खाली बोलते आणि आवाज पोकळ होतो.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. नळी जिथं संपते तिथं आतली लाट संपत नाही. ती तोंडातून थोडी बाहेर डोकावते. गणितात तेवढी लांबी जास्त धरावी लागते, नाहीतर उत्तर चुकतं.

प्रत्येक नळी आधी ओठांनी फुंकून बघतेय. ही सवय आबांची. पेटीतला पितळी सूर, म्हणजे आवाज देणारी पट्टी, काढला की आधी त्यांच्या ओठांना लागणार, मग कानाला. आई जन्मभर ओरडली, विष असतं ते. आबा म्हणायचे, तोंडाची ओळख झाल्याबिगर सूर बोलत नाय.

५ एप्रिल, शनिवार. दम ४१

आज एक गंमत. ऑर्गनच्या मागं भात्याची खोली आहे. वीज यायच्या आधी तिथं उभा राहून एक माणूस भाता मारायचा. आता विजेचा पंखा वारा देतो, दांडा काढून टाकलाय. त्या खोलीच्या कोपऱ्यात एक सागवानी नळी सापडली. माझ्या खांद्याएवढी, वरून डट्टा बसवलेली. तिच्यावर नंबर नाही. आणि ऑर्गनमध्ये तिला जागाही नाही. एकशे शहाऐंशी भोकं, एकशे शहाऐंशी नळ्या, हिशेब पुरा. ही एकशे सत्त्याऐंशीवी.

लांबी मोजली, गणित मांडलं. सेकंदाला बहात्तर कंपनं यायला हवीत. पाय इतका गुळगुळीत झालाय, जुन्या रवीच्या दांड्यासारखा. लावलं तोंड.

वाजली नाही. एरवी नळी ओठांना थोडा उलटा धक्का देते. हिनं दिला नाही. फुंकर नुसती आत गेली, गेली, गेली, आणि मी थांबले तरी जात राहिली. तोंड ओढून काढावं लागलं. स्वतःलाच हसले. कुठंतरी चीर असणार. वहीत लिहिलं, १८७, मुकी.

७ एप्रिल, सोमवार. दम ३८

धूळ. दुसरं काय.

दुपारी साडेबाराला लाइट गेली. ऑर्गनचा पंखा बंद. मी आणि मावशी बाकावर भाकरी-ठेचा खात होतो. भात्याच्या खोलीतून आवाज आला. खालच्या सुरातला, पोकळ. तीन सेकंद. मुकी बोलली म्हणायची. फोनवर रोज सगळ्याच नळ्यांचं रेकॉर्डिंग चालू ठेवते, त्यात बघितलं तर बरोब्बर बहात्तर कंपनं. मला तर आनंदच झाला. खिडकीतून गरम झळ आली असेल, रिकाम्या बाटलीवरून वारा गेला की बाटली नाही का वाजत?

मावशींचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, त्या नळीला तोंड लावलंस का पोरी. मी म्हटलं, सगळ्यांनाच लावलंय. त्या डबा झाकून उठून गेल्या.

९ एप्रिल, बुधवार. दम ३४

खिडकी बंद केली, फटींत गोणपाट कोंबलं. नळीच्या पायाशी एक रेशमी दोरा टांगला, तोंडाशी दुसरा. भरदुपारी वाजली. सात सेकंद. पायाशी दोरा हलला नाही. तोंडाशी होता तो मात्र बाहेरच्या बाजूला उडत राहिला.

म्हणजे वारा पायातून येत नाही. नळीतच आहे. सूर नियमात बसतो. वारा कुठला, एवढंच बसत नाही.

गारखेड्याच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. मी! घाटात सायकल हाणणारी मी!

११ एप्रिल, शुक्रवार. दम ३०

डॉक्टरांकडं जाऊन आले. एक्स-रे स्वच्छ. यंत्रात फुंकायला लावलं. म्हणाले फुप्फुसं ठणठणीत आहेत, पण हवा कमी भरते, जरा चमत्कारिक आहे, मास्क लावा.

नळी आज अकरा सेकंद वाजली.

परत येताना रिक्षात वही उघडली आणि आकडे शेजारी-शेजारी दिसले. अडतीस आणि तीन. चौतीस आणि सात. तीस आणि अकरा. बेरीज एक्केचाळीस. तिन्ही वेळा. जेवढा माझा कमी, तेवढा तिचा जास्त. ऊर्जा कुठं नाहीशी होत नाही, जागा बदलते, हे मी शिकवणीच्या पोरांना शंभरदा घोकून घेतलंय.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, रिक्षावाल्यानं उतरा म्हटलं तरी पाय हलले नाहीत. मग राग आला, आणि राग बरा, रागानं उतरता तरी आलं. सागाच्या चार फळ्यांनी माझ्या छातीतून श्वास उचलायचा? टँकरच्या रांगेत भांडून मोठी झालेली पोरगी आहे मी. माझा हंडा आजवर कुणी पळवलेला नाही.

१४ एप्रिल, सोमवार. कन्नड. दम २५

जयंतीला घरी आले. मुद्दाम आले, चाळीस मैल लांबून नळी काय करते बघू म्हणून. नळी कुलपात, तिच्याजवळ जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवलाय.

सकाळी ध्वजवंदन झाल्यावर कोरस. लांब ओळ नेहमी माझ्याकडं असते. मध्येच तुटली. कोरसमधल्या तनुजानं सावरून घेतली. लोकांना वाटलं मला भरून आलं. आबा पेटीवर होते, त्यांनी मान वर केली नाही, पण बोटं थांबली. त्यांना स्वतःला दमा आहे, त्यांचा दम बारावर आलाय. तुटलेला श्वास त्यांना कोण शिकवणार.

काय झालं म्हणून विचारलं. धूळ, म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळवार. दम २४

फोन ऐकला. काल सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. माझी ओळ तुटली तीच वेळ. सोळा सेकंद.

मी तोंडाबाहेरची लांबी कमी धरली होती. ही नळी कन्नडपर्यंत पोचते.

भात्याच्या खोलीचं दार आतून प्रथमच नीट बघितलं. पेन्सिलीनं चार नावं. प्रत्येकाखाली आकडे, उतरत जाणारे. शेवटचं नाव गोकुळ. पन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस... असे खाली खाली. शेवटी दोन. त्याच्याखाली काही नाही.

मावशींना हाताला धरून आणलं. त्या दारासमोर फरशीवर बसल्या. गोकुळ म्हणजे त्यांचे वडील, बापू. इथं भाता मारायचे. रीतच होती म्हणे. नवीन माणूस भात्याला लागला की पहिल्या दिवशी त्या नळीत तोंडानं फुंकायचं. बाज्याला पयला दम मानसाचा लागतो, त्याबिगर भाता भरत नाय, असं जुने लोक सांगायचे. वडील सहा महिन्यांत छातीनं गेले. दवाखान्यात काही निघालं नाही. मग वीज आली, रीत बंद झाली, नळी कोपऱ्यात राहिली. फेकायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्या रडत म्हणाल्या, पयल्याच दिशी सांगायला पायजे होतं, पर तू शिकलेली, हसशील वाटलं. मी हसलेच असते. हे मी त्यांना सांगितलं.

पळून जा म्हणाल्या. मी विचारलं, तुमचे वडील पळाले नव्हते का? मग म्हणाल्या, पळाले होते, चितेगावला, भावाकडं. तिथंच गेले.

मग कशाला पळू?

१७ एप्रिल, गुरुवार. दम १५

चूक माझी. अंदाज केला की वरचा डट्टा काढला तर नळी उघडी होईल, आत काही धरून ठेवता येणार नाही. उपसला. सूर एक सप्तक वर उडाला, पुस्तकात लिहिलंय तसाच. आणि माझ्या छातीतून कुणीतरी दोरी ओढावी तसा श्वास गेला, दुप्पट वेगानं. डट्टा परत ठोकला. वेग तोच राहिला.

मग करवत उचलली. पात्याचे दात लाकडाला लावले आणि थांबले. माझा श्वास आत आहे. फोडल्यावर तो वाऱ्यावर गेला तर मी कुठं शोधू?

राजेंद्र सर आले होते. त्यांना मोठा ऑर्गन वाजवून दाखवला. सगळ्या एकशे शहाऐंशी नळ्या सुरात. त्यांचे डोळे भरले. ठरल्या तारखेच्या तेरा दिवस आधी, पुण्याच्या माणसांना कळवा म्हटलं. एवढं बोलून भिंतीला टेकावं लागलं.

१८ एप्रिल, शुक्रवार. दम ९

आज उत्तर सापडलं. आबांच्याच तोंडून, लहानपणीचं. पितळी सूर फुंकून वाजतो तसा ओढूनही वाजतो. वारा इकडून गेला, तर तिकडून येतोही.

मी दिला फुंकून.
घेईन ओढून.

सकाळी प्रयत्न केला. नळी घट्ट. ओठ नीट बसत नाहीत. उभ्यानं जमत नाही. आडवी करावी लागेल. मावशींचा हात लागेल.

१९ एप्रिल, शनिवार. दम ५

आबांचा फोन. माझा आवाज ऐकला. उद्या पहिल्या एस.टी.नं येतो म्हणाले.

येऊ नका — म्हणायचं होतं. ‘येऊ’ एवढंच निघालं. पुढं श्वास नाही. ते म्हणाले, व्हय व्हय, येतो. ठेवला.

परत लावला. बंद. प्रवासासाठी बॅटरी वाचवतात.

आबा येतील. नळी दिसेल. मला कशी आहेस विचारायच्या आधी — तिला ओठ लावतील. साठ वर्षांची सवय. बारा सेकंदांचा दम.

नाही. माझ्या बापाला नाही.

२० एप्रिल, रविवार. सकाळी नऊ. दम २

फाटकाला कुलूप. किल्ली मावशींकडं.
नळी दोन बाकांवर आडवी. वही शेजारी.
मावशी मोजणार. मी लिहिणार.
लावते.

पाच. — गार हवा.
अकरा. — जुनं लाकूड. धूळ.
वीस. — ठेच्याची चव. माझाच.
एकोणतीस. — घट्ट धरते. सोड. — सोड म्हणते ना.
अडतीस.
एकोणचाळीस.

माझ्याकडं दोन, तिच्याकडून एकोणचाळीस, झाली बेरीज, आणि हे वाक्य बघा, केवढं लांब लिहितेय मी, एका दमात, स्वल्पविराम देत देत, कारण मला आता थांबायची गरज नाही, जिना चढता येईल, ओळ पुरी करता येईल, आणि मावशी माझ्या पाठीवर थापट्या मारून रडताहेत आणि मीही रडतेय! ओठ सुटले. नळी बाकावर आहे. मी जिंकले.

नळी अजून वाजतेय.

माझं काही उरलं नाही तिच्यात. तरी वाजतेय. बहात्तर कंपनं. दारावर चार नावं आहेत.

फाटक वाजलं. आबांचीच हाक, मेघे म्हणून. कुलूप बघून थांबायचे नाहीत, मागची भिंत पडलेली आहे, ते शोधतील. आबांना आजवर कुणी अडवलंय?

माझं काम झालंय, नळी सोडून त्यांच्याकडं धावता येईल. पण आज अडवले तर उद्या. ते नाही तर शंभरीला येणारं कुणाचं तरी पोर. भरलेली नळी मागणारच. रिकामी काय मागेल?

लावते परत.

दहा. तीस. पन्नास. — हा माझा नाही. तंबाखूचा वास. खिडकीकडं तोंड करून सोडला. मावशी उठून उभ्या राहिल्या. तोंडावर पदर. म्हणाल्या, बापू. एवढंच म्हणाल्या. मग आबांना अडवायला पळाल्या.

दुसरा. हा म्हातारा. खोकला आहे यात. — सोडला.
तिसरा. फार वेळ. — जा बाबा, मोकळा हो.
चौथा. पोरगाच असावा. — जा.

चार झाले. हलकी झाली नळी.

अजून वाजतेय.

दारावर पाचवं नाव नाही. — परत लावले ओठ. — हा गरम. हा श्वास बाहेर येत नाही. — हा ओढतोय.

बरं. तूही ये. — नळी, तुझा स्वतःचाच राहिला होता.
चाळीस. — एकोणचाळीस. अडतीस. — माझा उतरतोय. उतरू दे. — माझा दम पक्का आहे.
तीस. — मीही ओढतेय. — तीस. — तीसच. — हलत नाही आता. ना तुझ्याकडं. ना माझ्याकडं.
एकतीस!

आबा दारात. — मावशींचा हात झटकून — हसताहेत — त्यांना वाटतंय मी सूर बघतेय — बत्तीस — वाकताहेत, ओठ पुढं — आबा लांब — डाव्या हातानं त्यांची छाती मागं — तेहतीस — मी सोडणार नाही, तूच सोडशी